जागे कोणी केले? : वारली स्त्री आणि बांधिलकीचा प्रश्न

१

गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांतील वारल्यांनी १९४५ ते १९४७ या काळात जमीनदार, सावकार आणि जंगल ठेकेदार यांच्याविरुद्ध जो उठाव केला, त्याची हकीकत त्या उठावाचे नेतृत्व करणाऱ्या बाईनेच या पुस्तकात सांगितली आहे. वेठ, लग्नगडी, खावटी हे शब्द मध्यमवर्गीय मराठी वाचकाच्या कानी पडले ते बऱ्याच अंशी या पुस्तकामुळे.

या पुस्तकाची चर्चा साधारणतः दोन अंगांनी होते. एक वर्ग लेखिकेच्या त्यागाने भारावून जातो. पुण्याच्या सुखवस्तू ब्राह्मण घरातली, कायद्याची पदवी घेतलेली, भारत सेवक समाजाची पहिली स्त्री सभासद झालेली एक बाई रानावनात जाऊन कुडाच्या झोपडीत राहते, याचेच त्या वर्गाला नवल वाटते. दुसरा वर्ग पुस्तकाकडे किसान सभेच्या इतिहासाचा दस्तऐवज म्हणून पाहतो. पहिल्या वाचनात नायिका गोदावरीबाई आहेत, दुसऱ्यात नायक लाल बावटा आहे. वारली स्त्री मात्र दोन्ही वाचनांत एकाच जागी उभी राहते. तिच्यावर झालेला अत्याचार हा शोषणाचा पुरावा म्हणून दाखल होतो आणि काम संपले की ती मागे सरकते. असे का व्हावे? पुस्तकामुळे, की वाचणाऱ्यांमुळे? प्रस्तुत लेखात मला हा प्रश्न विचारायचा आहे.

मी याच पट्ट्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवते. माझ्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. माझ्या वर्गातल्या वारली, कोकणा, कातकरी मुलींपैकी बहुतेकजणीही त्यांच्या घरातल्या पहिल्याच. परंतु मी वारली नाही, मी बौद्ध आहे. माझ्या आईने दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली, तिच्यावर लग्नगड्याची गुलामी आली नव्हती. म्हणून 'आम्ही सारे दलित' एवढे म्हणून मला या प्रश्नातून सुटता येत नाही.

२

वर्तमानपत्री मराठीत 'व्यापलेला प्रदेश' असा शब्द आहे. तो वाचला की आपल्या डोळ्यांपुढे परदेश येतो, रणगाडे येतात. आमच्याकडे त्यासाठी साधा शब्द आहे : कब्जा. तलाठ्याच्या दप्तरात 'कब्जेदार' असे लिहिलेले असते. ज्याच्या आजोबाने जंगल साफ करून जमीन केली त्याचे नाव तेथे असेलच असे नाही.

हा कब्जा कसा झाला ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हा मुलूख इंग्रजांकडे गेला. रोख सारा आला, तो भरण्यासाठी कर्ज आले, कर्जापोटी जमीन गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंगल खात्याने रान राखीव केले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणारा माणूस स्वतःच्या रानात चोर ठरला. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरची दारू गुन्हा झाली, तर १८९२ च्या कायद्याने मोहाची फुले साठवण्यावरही बंधन आले. दारूचा मक्ता ज्यांच्याकडे गेला त्यांच्यातूनच पुढे अनेक जमीनदार झाले. म्हणजे जमीन, रान आणि झाड या तिन्हींवर परक्यांचा हक्क बसला. या परक्यांत इंग्रज होता, तसाच मुंबईला गवत आणि लाकूड पाठवणारा देशी मालकही होता. त्यात हिंदू होते, पारशी होते, इराणी होते. वारल्याला या भेदाचे काही सुखदुःख नव्हते.

या कब्जाचा शेवटचा टप्पा म्हणजे स्त्रीचे शरीर. लग्नगडी ही पद्धत येथे नीट समजून घेतली पाहिजे. तरुण वारल्याने लग्नासाठी मालकाकडून पैसे उचलायचे आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघांनी मालकाकडे राबायचे. हिशेब मालकाच्या वहीत, त्यामुळे कर्ज फिटायचे नाही. कर्ज घेई पुरुष, पण गहाण पडे जोडपे. जिने कर्ज मागितले नाही, आकडा पाहिला नाही, अंगठा उठवला नाही, ती सासरी पाऊल टाकताच मालकाची झाली. मालकाच्या घरात, खळ्यावर, कुरणात तिचे श्रम त्याचे होतेच. तिच्या अब्रूवरही तो आपला हक्क समजे. पुरुषाच्या गुलामीला निदान एक हिशेब होता, तो खोटा का असेना. स्त्रीच्या गुलामीचा हिशेबही कोणी ठेवला नाही.

३

येथे वसाहतवादाच्या एका जुन्या दाव्याची परीक्षा होते. आपण या देशातील स्त्रियांचे तारणहार आहोत, हा इंग्रजी राज्याचा आवडता युक्तिवाद होता. सतीबंदी झाली, १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, आणि या सुधारणांचे मोल कोणी नाकारू नये. पण वारली स्त्रीच्या बाबतीत काय घडले? सिमिंग्टन या गोऱ्या सनदी अधिकाऱ्याचा मुंबई प्रांतातील आदिवासींविषयीचा अहवाल १९३९ साली प्रसिद्ध झाला. वेठ, मारहाण आणि कुळांच्या बायकांवर जमीनदारांचे अत्याचार या गोष्टी त्याने उघडपणे नोंदवल्या. म्हणजे सरकारला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय उरली नाही. तरीही जमीनदाराची सत्ता तशीच राहिली, कारण सारा वसूल करणारे राज्य त्याच्याच खांद्यावर उभे होते.

मग वारल्यांनीच हालचाल केली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तेथे उंबरगाव तालुक्यातून मोजके वारली गेले, त्यांत माह्या धांगडा होते. त्यांनी आपल्या मुलखात येण्याचा आग्रह धरला. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी येथे सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करायची नाही, मालकाच्या खाजगी शेतावर रोख बारा आणे घेतल्याशिवाय राबायचे नाही, मारले तर उलट प्रतिकार करायचा आणि एकी सोडायची नाही, असे ठरले. त्यानंतर लोक गावोगाव गेले आणि लग्नगड्यांना मालकांच्या घरातून बाहेर काढले. पिढ्यांची गुलामी थोड्या काळात मोडली. त्याच वर्षी गवतकापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी होती. ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि इतर चारजण ठार झाले. ज्या राज्याला वारली स्त्रीच्या अब्रूसाठी एक शिपाई पाठवता आला नाही, त्या राज्याने गवताच्या भावासाठी बंदुका पाठवल्या.

१९४६ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. मुख्य पदावर बाळासाहेब खेर होते. त्यांनीच १९४० साली आदिवासी सेवा मंडळ स्थापन केले होते. गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. स्वातंत्र्य दाराशी आले असताना याच मंत्रिमंडळाच्या काळात परुळेकर दांपत्याला ठाणे जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. सेवा चालेल, संप चालणार नाही, असा याचा अर्थ. वारल्याची कीव करणाऱ्याला मान होता. वारल्याच्या बाजूने मालकाविरुद्ध उभे राहणाऱ्याला जिल्ह्यात जागा नव्हती. तेव्हा परकी सत्ता गेली की कब्जा आपोआप उठतो, हे समीकरण वारली स्त्रीच्या जागेवरून पाहिले की टिकत नाही. वसाहतविरोधी स्त्रीविचार म्हणून काही असेल, तर त्याची सुरुवात याच जागेवरून झाली पाहिजे.

४

आता पुस्तकाकडे वळू. 'जेव्हा माणूस जागा होतो' या शीर्षकातले क्रियापद महत्त्वाचे आहे. लेखिकेने 'जागा केला' असे म्हटलेले नाही, 'जागा होतो' असे म्हटले आहे. वारल्यांनी तिला 'गोदाराणी' म्हटले, पण शीर्षकात तिने राणीपद स्वीकारलेले नाही. टिटवाळ्याला वारली आपल्या पायांनी आले, ही गोष्ट ती लपवत नाही. आदिवासी आळशी, व्यसनी, मूढ असतात या प्रस्थापित समजुतीला तिने उपासमार, मार आणि भीती यांची कारणे देऊन उत्तर दिले. या सर्व बाबतीत हे पुस्तक त्याच्या भक्तांपेक्षा पुष्कळ प्रामाणिक आहे.

तरीही शीर्षकाने दिलेले वचन पुस्तकाची रचना पुरतेपणी पाळू शकत नाही. कारण निवेदन 'मी'चे आहे. घटना दिसते ती 'मी'ला दिसली तेवढी. हा निवेदक बाहेरून आलेला आहे आणि त्याचा वाचकही बाहेरचाच आहे. त्या वाचकाला पटवून द्यायचे तर अन्यायाचे चित्र उभे करणे भाग होते. त्या चित्रात स्त्री सर्वांत ठळक दिसते. पुढे जेव्हा सभा भरते, संप होतो, ठराव होतात, तेव्हा 'वारली' हा शब्द बहुधा पुरुषाच्या रूपात डोळ्यांपुढे येतो. 'माणूस' या शब्दात स्त्री असते असे व्याकरण सांगते. अनुभव मात्र असा की, माणूस जागा झाला असे लिहिले की वाचकाला पागोटेवाला वारली दिसतो, विळा हाती घेतलेली वारलीण दिसत नाही. गवतकापणीला बायका होत्या. संपाचे दिवस निघाले ते घरातल्या मूठभर नाचणीवर आणि रानातल्या कंदांवर. कंद कोणी खणले? चूल कोणी चालवली? लग्नगडी सुटला तेव्हा त्याच्याबरोबर जी सुटली, तिने त्या दिवशी काय केले? हे प्रश्न पुस्तकाबाहेर उरतात.

यात लेखिकेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा माझा हेतू नाही. एका व्यक्तीच्या आठवणींनी सर्वांचा इतिहास व्हावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. दोष आहे तो या एका पुस्तकावर सगळे भागवणाऱ्या आपल्या वाङ्मयीन आळसाचा. तेलंगणच्या शेतकरी लढ्यातील स्त्रियांच्या मुलाखती स्त्री शक्ती संघटना या गटाने गोळा केल्या आणि त्यांचे पुस्तक १९८०-९० च्या दशकात आधी तेलुगूत, मग इंग्रजीत आले. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रिया त्यात स्वतःच्या नावाने बोलल्या. त्या पुस्तकाने आमच्या चळवळीची प्रतिष्ठा कमी झाली नाही. उलट बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत समाजाच्या प्रगतीचे जे माप सांगितले, स्त्रियांनी केलेली प्रगती हे माप, ते साहित्याला लावून दाखवले गेले. वारली उठावाला हे माप अजून लावायचे आहे.

५

कोणी म्हणेल, वारली स्त्री निरक्षर होती, ती लिहिणार कशी? हा प्रश्न अक्षराची मक्तेदारी मानणाऱ्याचा आहे. वारल्यांच्या लग्नात पौरोहित्य धवलेरीकडे असते. धवलेरी ही स्त्री असते, तिने गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात त्या सवाशिणी. त्या चौकात पालघट देवी असते. ब्राह्मणी परंपरेने स्त्रीला मंत्राचा अधिकार नाकारला, त्याच मुलखात वारली समाजाने लग्नासारखा मोठा विधी स्त्रीच्या मुखी आणि स्त्रीच्या हाती दिला.

आता लग्नगडी पद्धत या संदर्भात पुन्हा पाहा. मालकाने कर्जाचा फास टाकला तो नेमका लग्नावर. जो विधी स्त्रियांच्या अधिकाराचा होता, तोच गुलामीचा दरवाजा झाला. धवलेरी गात होती, चौक लिहिला जात होता, आणि त्याच लग्नाचा खर्च मालकाच्या वहीत दोन माणसांच्या जन्माचा सौदा म्हणून चढत होता. सांस्कृतिक कब्जा म्हणतात तो हा. गाणे बंद करण्याची मालकाला गरज पडली नाही. गाण्यामागचे जगणे त्याच्या ताब्यात गेले की पुरे होते.

याचे आणखी एक रूप नंतर आले. १९७० नंतर वारली चित्रे कागदावर उतरली आणि शहरात गेली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. एका वारल्याची कला देशाने मान्य केली याचा आनंद कोणाला होणार नाही? मशे यांच्या प्रतिभेविषयी वाद नाही. पण चौक भिंतीवर होता तोवर तो बायकांचा होता. बाजारात गेला तेव्हा सही मुख्यतः पुरुषांची झाली. कपबशांवर आणि हॉटेलांच्या भिंतींवर आज जी वारली आकृती नाचते, तिच्या मूळच्या लिहिणाऱ्या हाताला नाव नाही. बांधिलकीचे लेखन आणि बाजार यांत फार मोठे अंतर आहे. तरी स्त्रीचे नाव गळण्याची जागा दोन्हीकडे तीच सापडते.

६

हा प्रश्न डहाणूपुरता नाही. मे १९५८ मध्ये अल्जीरियात फ्रेंच लष्कराने मुसलमान स्त्रियांचे बुरखे जाहीर सभेत उतरवण्याचे सोहळे केले आणि आपण त्यांना मुक्त करीत आहोत असे जगाला सांगितले. १९६० साली याच लष्कराच्या ताब्यात जमिला बुपाशा या तरुणीवर अनन्वित अत्याचार झाले. फ्रांझ फॅनन यांनी १९५९ सालीच तारणाऱ्या सत्तेचे हे रूप उघडे केले होते. जमिलाने आपल्या छळकर्त्यांवर स्वतः फिर्याद केली. वकील जिझेल हालिमी आणि लेखिका सिमोन द बोव्हार या दोघी तिच्या फिर्यादीमागे उभ्या राहिल्या आणि १९६२ साली तिच्या नावाने पुस्तक निघाले. दोघी फ्रेंच होत्या, म्हणजे कब्जा करणाऱ्या देशाच्या नागरिक होत्या. पण त्यांनी जमिलाच्या वतीने सुरुवात केली नाही, जमिलाने केलेल्या सुरुवातीला बळ दिले.

नाब्लूसच्या सहर खलिफा यांची 'अस्‌सब्बार' म्हणजे 'निवडुंग' ही कादंबरी १९७६ ची. १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या पश्चिम किनाऱ्यावरची माणसे पोटासाठी कब्जेदाराच्याच कारखान्यांत मजुरीला जातात, ही तिची कथा आहे. त्यांना देशद्रोही म्हणणे सोपे, उपाशी राहायला सांगणे कठीण. ज्याने जमीन नेली त्याच्याच शेतावर खावटीसाठी उभ्या राहणाऱ्या वारल्याला ही कादंबरी समजावून सांगावी लागणार नाही. ऑक्टोबर २०२३ नंतर गाझाची चित्रे माझ्या विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर रोज येऊ लागली. एका मुलीने वर्गात विचारले, "मॅडम, तिथल्या बायका नेहमी रडतानाच का दाखवतात? त्या बाकी काही करत नाहीत का?" या मुलीने कोणताही सिद्धान्त वाचला नव्हता, पण टीकेचा मुख्य मुद्दा तिने पकडला होता.

दूरच्या शोषितांशी नाते सांगण्याची आपली परंपरा जुनी आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतील निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा ही त्यामागची तळमळ होती. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले, म्हणजे मुक्त करणाऱ्याला नव्हे, स्वतः लढणाऱ्या काळ्या विचारवंताला. १९७२ साली आमच्या तरुणांनी काळ्यांच्याच संघटनेवरून पँथर हे नाव घेतले आणि पुढच्या वर्षीच्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात आदिवासी आणि स्त्रिया यांनाही घेतले. मुक्तिदात्याच्या गौरवापासून मुक्त होणाऱ्याच्या मैत्रीपर्यंत हा प्रवास शंभर वर्षांत झाला. पण व्याख्येत घेतले म्हणजे साहित्यात घेतले असे होत नाही. शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' या कवितेत आदिवासींच्या वतीने बोलणाऱ्या मंचाला जे सुनावले, ते आपल्या मंचालाही लागू आहे.

७

आज झरी तलासरी तालुक्यात आहे. १९६० साली उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, तलासरी महाराष्ट्रात राहिली, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून हा सर्व भाग पालघर जिल्ह्यात आहे. लग्नगडी गेला, कब्जाचा प्रश्न गेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली आणि विवाहितांच्या बाबतीत वनहक्काची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावे करण्याचे बंधन घातले. लग्नगड्याच्या वहीत जी नावाशिवाय बांधली गेली, तिचे नाव प्रथमच जमिनीच्या कागदावर येण्याची वाट उघडली. म्हणून पट्ट्यावरचे ते दुसरे नाव मला मोठे वाटते. मात्र याच जिल्ह्यातून बुलेट ट्रेनसाठी जमिनी घेतल्या गेल्या. १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम ठरवलेल्या डहाणूच्या किनाऱ्यावर वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. मच्छीमार बायका त्याविरुद्ध रस्त्यावर आल्या. उद्या त्यांच्यावरही पुस्तक लिहिले जाईल. त्यात त्या कोठे असतील?

बांधिलकी मानणाऱ्या लेखकाला यापुढे एक कसोटी लावावी असे मला वाटते. ज्यांच्या बाजूने आपण लिहितो त्यांच्यातील स्त्री आपल्या लेखनात सोसताना दिसते, तशी ठरवताना, भांडताना, चुकताना आणि नेतृत्व करतानाही दिसते काय? दिसत नसेल तर आपले लेखन करुणेचे असेल, विद्रोहाचे नाही. ही कसोटी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला लावावी, तशीच ती दलित कथेला आणि गाझावरच्या आपल्या कवितांनाही लावावी.

आणि काम समीक्षेने संपणार नाही. १९४५ साली ज्या मुली होत्या त्यांपैकी कोणी हयात असेल तर ती आज नव्वदीच्या आसपास असेल. त्यांच्या मुली आणि सुना पाड्यापाड्यांवर आहेत, आजीने सांगितलेले त्यांना आठवते. डहाणू-तलासरीच्या महाविद्यालयांत वारली मुली शिकत आहेत. त्यांना घरातली बोली येते आणि लिहिताही येते. प्रकल्पाच्या वहीत दरवर्षी तीच ठरावीक पुस्तकांची परीक्षणे उतरवून घेण्याऐवजी आपण शिक्षकांनी त्यांना आजीकडे पाठवावे. जे ऐकतील ते वारली बोलीत, सांगणारीच्या संमतीने आणि तिच्या नावासह लिहू द्यावे. त्या लेखनावर आपली प्रस्तावना नसली तरी चालेल.